डाव्या गालाची शपथ

मी शब्दाचा पक्का माणूस आहे. खोटं वाटत असेल तर आमच्या घोटावडे गावात कुणालाही विचारा. नाहीतर नको, राहू द्या. तिथं जाऊन भलतंच ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

वीस वर्षं मी तंबाखू खाल्ली. मुक्काम कायम डाव्या गालात. शेवटी एके दिवशी पिंकी, म्हणजे माझी बायको, बॅग भरून दारात उभी राहिली. तंबाखू सुटली तर ठीक, नाहीतर ती चालली लवळ्याला, माहेरी. मी गावदेवापुढं बेलभंडारा उचलला आणि तंबाखू सोडली. पिंकीचा देवावर पूर्ण विश्वास आहे, माझ्यावर तेवढा नाही. म्हणून रोज संध्याकाळी ती मला तुळशीपाशी उभं करायची, "आ करा" म्हणायची आणि मोबाइलची बॅटरी लावून दाढांमागचा कोपरा न् कोपरा तपासायची. मग आकडा बोलायची. एक, दोन, तीन... असा मी सत्तेचाळीसपर्यंत गेलो! सत्तेचाळीस दिवस ओळीनं पास होण्याची माझी आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

आमच्या वरच्या खोलीत मनीष नावाचा भाडेकरू राहतो. हिंजवडीत कामाला असतो. त्यानं ऑफिसातून फ्लू आणला. पाण्याची मोटर का चालत नाही हे मला जिन्यात विचारता विचारता तो चारदा शिंकला, आणि मी चार दिवस अंथरुणात. पाचव्या दिवशी ताप उतरला. खुशीत उठलो, आरशात पाहिलं, तर डावा गाल कानाच्या पाळीपासून जबड्यापर्यंत टम्म! तव्यावर एकाच बाजूनं फुगलेल्या पोळीसारखा. उजवा सुजला असता तर काही बिघडलं नसतं. पण नाही, डावाच!

पिंकी चहा घेऊन आली. माझ्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवला.

"आ करा."

करायला गेलो, तर जबड्यातून अशी कळ निघाली की दातांमध्ये चमचाही शिरला नसता. "उघडत न्हाई," एवढंच कसंबसं म्हणालो, तेही ओठ मिटून आणि हनुवटी वर करून. आता तुम्हीच सांगा, गालात बार भरलेला माणूस याहून वेगळा कसा बोलतो?

"सत्तेचाळीस दिस उघडत हुतं," पिंकी म्हणाली आणि माळ्यावरची बॅग खाली काढली. भरली मात्र नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाचं लग्न होतं. ते उरकलं की बॅग भरून माहेरी जायचं, असं तिनं जाहीर केलं.

दुपारी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला खुणेनं गोठ्यामागं बोलावलं. मला वाटलं, बापाचं काळीज आहे, काहीतरी लेपबिप सांगतील. आबांनी इकडंतिकडं बघितलं आणि हात पुढं केला.

"चिमूटभर मला बी दे. सूनबाईला न्हाई सांगत."

पिंकीनं त्यांचीही तंबाखू बंद केली होती. ही सूज आहे, तंबाखू नाही, हे मी त्यांना मेलेल्या आजोबांची शपथ घेऊन सांगितलं. आबा फुरंगटले. पोटचा पोरगा बापाला चिमूटभर देत नाही, असं म्हणून जे गेले ते रात्रीच्या जेवणालाही माझ्या शेजारी बसले नाहीत.

लग्न पिरंगुटच्या बाजूला एका लॉन्सवर होतं. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरीपेक्षा माइकला जास्त मान. मंडपात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक बड्या पाहुण्याचं नाव, गाव, आजी-माजी पद घेऊन स्वागत करावं लागतं. एखादा माजी उपसरपंच राहून गेला तर दोन पिढ्यांचं जाणं-येणं बंद होतं! सासरच्या प्रत्येक लग्नात हे काम माझ्याकडे असतं, कारण सगळी यादी माझ्या तोंडपाठ. यादी पाठ होती हो, पण तोंड कुठं होतं? "लवळे गावचे माजी सरपंच" म्हणायला गेलो आणि स्पीकरमधून "लअए गाअचे माई सअपंच" असं काहीतरी बाहेर पडलं. माजी सरपंच जागच्या जागी थांबले. बायका पदराआडून हसायला लागल्या. तेवढ्यात सासरे रिकामी बादली घेऊन स्टेजवर चढले, ती माझ्यापुढं धरली आणि माझ्या हातातल्या माइकला तोंड लावून स्वच्छ बोलले,

"पाव्हनं, आधी थुका. मंग बोला."

दोन हजार माणसांनी ऐकलं! वारा बरा असेल तर मुळशी धरणापर्यंतही गेलं असेल. मी थुंकलो नाही. थुंकू काय, कपाळ? तापानंतर तोंडाला इतकी कोरड पडली होती की त्यात थेंबही नव्हता. पण लोकांना वाटलं, गड्यानं मुद्देमाल गिळला. नवऱ्यामागं करवली म्हणून उभी असलेली पिंकी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तेव्हा मात्र मला खरंच रडू आलं.

पुढं पंगतीत वरणभातावर लिंबू पिळलं. पहिल्याच घासाला गालात अशी सणक गेली की मी गाल धरून उभा राहिलो. पिंकी ताडताड आली आणि मला दंडाला धरून रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात घेऊन गेली. तंबाखू आता डॉक्टरांकडूनच बाहेर काढून घ्यायची होती तिला.

डॉक्टर मेधा नावाच्या बाई होत्या. त्यांनी गाल दाबला, मी बोंबललो, त्यांनी बेताबेतानं तोंड उघडून आत दिवा धरला.

"कुठं हाय?" पिंकीनं विचारलं.

"तंबाखू नाहीये हो. लाळ तयार करणारी गाठ सुजलीये. फ्लूसारख्या तापानंतर होतं कधी कधी. पाणी भरपूर प्यायचं, दुखलं तरी आंबट गोळी चघळायची, म्हणजे लाळ वाहती राहील. कोमट कापडानं शेकायचं. पुन्हा ताप आला तर मात्र लगेच या."

पिंकी तिथंच स्टुलावर बसून रडायला लागली. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. मग तिनं डोळे पुसले, चिठ्ठी घेतली, लॉन्सवर आली आणि माइक हिसकावून दोन हजार माणसांना सांगितलं, "आमच्या मालकांच्या तोंडात कायबी न्हाई. डाक्टरनं लिवून दिलंय." सासऱ्यांनी बादली खुर्चीखाली सरकवली. त्या दिवसापासून बॅटरीची तपासणी बंद झाली.

आठ दिवसांत सूज उतरली. नवव्या दिवशी आबांनी पुन्हा गोठ्यामागं बोलावलं. लग्नात व्याह्यांच्या पाहुण्याकडून मिळवलेली पुडी पुढं केली आणि म्हणाले, "चुकलं माझं. घे." मी विचार केला, शिक्षा तर सगळी भोगून झालीये, गुन्हा तेवढा करायचा राहिलाय. बापाचं मन तरी किती मोडायचं! चिमूटभर घेतली.

संध्याकाळी पिंकीनं गाल निरखला. "आजून हाय की थोडी," म्हणाली आणि कोमट फडक्यानं मायेनं शेकून दिलं. मी काय बोलणार? बोलायला तोंड मोकळं कुठं होतं! दुसऱ्या दिवशी आबांकडून पुन्हा चिमूटभर, आणि संध्याकाळी फडकं जरा गरम होतं. तिसऱ्या दिवशी चांगलंच गरम. चौथ्या दिवशी तिनं ते सांडशीत धरून आणलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण तोंडातून ब्र नाही.

पाचव्या दिवशी शेकून झाल्यावर तिनं फडक्याची शांतपणे घडी घातली.

"उद्यापासनं उजव्या गालात सुजू द्या. ह्यो पार भाजलाय."

बॅग अजून माळ्यावर गेली नव्हती, खालीच होती. मी उठलो, मोरीत जाऊन थुंकलो, चार चुळा भरल्या आणि न सांगता तुळशीपाशी जाऊन आ करून उभा राहिलो. पिंकीनं बराच वेळ मला तसंच ठेवलं. मग सावकाश आली, बॅटरी लावून आत बघितलं.

"एक," म्हणाली.