'दुधनेचा पूर' ओसरेना

"डीजे लावायचा न्हाई म्हणजे न्हाई!" चंद्रभाननं लेकीच्या, निकिताच्या लग्नात घरच्यांना ठणकावलं होतं. त्यामुळे बोरीत नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळातून मांडवाकडे निघाला, तेव्हा पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुद्द नवरीचा बाप गळ्यात गिटार अडकवून उभा होता. मागे ड्रमवर मल्हारी, मेंढरं सोडून आलेला; बाजूला क्लॅरिनेट घेऊन आश्रुबा.

हा 'निळी ज्वारी' बँड. परभणी, सेलू, जिंतूरची कॉलेजातली पोरं केस वाढवून रॉक वाजवायची, त्यात लग्नाच्या बँडवाल्यांकडून जाझ शिरायचा आणि ऐकणाऱ्याला भर दुपारी आभाळ जांभळं दिसायचं, त्या दिवसांतला. त्या केसांपैकी आता आश्रुबाच्या मिशाच शिल्लक होत्या. बँडची मोठी चीज दुधना नदीवरची, 'दुधनेचा पूर'. ती आजवर एकदाही पुरी वाजली नव्हती. गॅदरिंगला प्राचार्य आडवे आले, गणपतीत लाईट गेली, पिंगळी गावात तर लोकांनीच माईक उचलून नेला. घरी बायको होतीच, सुमनबाई. "पुरी झाली असती तर आमी आज कुठल्या कुठं असतो," हे चंद्रभान लग्न झाल्यापासून तिला ऐकवत होता. आज ती पुरी करायचीच होती. नवरीच्या बापाला अडवणार कोण?

ठेका सात मात्रांचा. नाचणाऱ्यांचा उजवा पाय दर फेरीला डावा व्हायचा. नवरदेवाचे मित्र एकमेकांच्या बुटांवर पडत, उठत चालले होते आणि त्यांना ते आवडायलाही लागलं होतं. क्लॅरिनेट वर चढलं तसे रस्त्याकडेचे जुने दोस्त डोळे मिटून उभे राहिले. प्रत्येकाला आपापले केस परत आले.

मांडवाच्या दारात नवरदेव जीवन घोड्यावरून उतरला. आता सासऱ्यानं हार घालायचा. पण चीज फिरून फिरून तिथंच येत होती.

"मल्हारी, शेवट घे!" चंद्रभान पुटपुटला.

"कोणता शेवट?"

"आपला ठरला व्हता ना?"

"कवा? तिथवर जाऊ कोण देत व्हतं?"

आश्रुबानं क्लॅरिनेट तोंडात ठेवूनच नकारार्थी मान हलवली.

चंद्रभानला घाम फुटला. त्यानं आशेनं भटजींकडे पाहिलं. भटजी मोबाइलवर शूटिंग घेत होते. जीवन ओरडला, "चालू द्या मामा, लय भारी!" उरली सुमनबाई. चंद्रभाननं तिला डोळ्यांनी विनवलं, ओरड, बंद करा म्हण.

सुमनबाईनं पदरानं डोळे टिपले. "आवो, आज मी आडवी येत न्हाई. मुहूर्त सरकला तर सरकू द्या, पण पुरं वाजवा!"

आणखी तीन फेऱ्या झाल्या. अखेर मल्हारीनंच ठेका न सोडता, कुणाला न कळता पाय लांबवला आणि ट्रॉलीतल्या जनरेटरची वायर उपसली. गिटार, माईक बंद पडले, तसे ड्रम आणि क्लॅरिनेटही थांबले.

"आरारारा!" सगळा मांडव हळहळला. "शेवटच ऱ्हायला की!"

चंद्रभाननं मल्हारीकडे असं पाहिलं, जणू त्यानं बुडताना बाहेर काढलं होतं.

"फुटकं नशीब तुमचं," सुमनबाई त्याच्या हातात हार देत म्हणाली. "जाऊ द्या. नातवाच्या बारशाला पहिल्यापासून पुरं वाजवा. सगळ्या गावाला मी आत्ताच आवतन देते."

जावयाच्या गळ्यात हार घालताना चंद्रभाननं तो दोनदा फेट्यातच अडकवला.

"बापाचं काळीज हाय, बाई," बायका एकमेकींना म्हणाल्या.