परतीची टिप

गाडीतून उतरताना ड्रायव्हरच्या हातावर तुम्ही आठ आणे टेकवता, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघता का? खरं सांगा. की नजर हमालाला शोधत असते आणि हात आपोआप खिशात जातो?

विचारायला कारण आहे. रेवसच्या धक्क्यावर एक ड्रायव्हर असा आहे, की तुम्ही मुंबईच्या लाँचवर चढायला निघाला असाल तर तुमचे आठ आणे तो घेणारच नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधील आणि म्हणेल, "जाताना न्हाय. परतीला."

हसूराम म्हात्रे त्यांचं नाव. आख्खा धक्का त्यांना हसूदादा म्हणतो. नावात हसू असलं तरी तीन वर्षांत मी त्यांना दोनदाच हसताना पाहिलं. ते आमच्या हॉटेलची स्टेशन वॅगन चालवतात आणि मी त्याच हॉटेलात कारकून आहे. हॉटेल म्हणजे समुद्रकाठच्या नारळीच्या वाडीतल्या बारा खोल्या. मुंबईला मुक्काम पडलेले विमानांवरचे लोक दोन दिवस हवा खायला इकडे येतात. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, आणि रेवसहून हसूदादांची गाडी.

त्याआधी बारा वर्षं हसूदादा मुंबईत हेच काम करत होते. विमानतळ ते मोठं हॉटेल, मोठं हॉटेल ते विमानतळ. गाडीत वैमानिक आणि त्यांचा ताफा, म्हणजे हसूदादांच्या भाषेत 'क्रू'. बायको आजारी पडली म्हणून ते गावी आले. ती गेली, आणि ते इथेच राहिले. मुंबईहून येताना त्यांनी फक्त एकच गोष्ट आणली. तिला ते 'शिस्त' म्हणतात.

शिस्त अशी: कॅप्टन पुढे, ड्रायव्हरशेजारी. दुसरा वैमानिक त्याच्या मागे, खिडकीपाशी. मग वायरलेसवाला. स्टुअर्ड आणि एअर होस्टेस सर्वांत मागे. ड्रायव्हरने आपण होऊन बोलायचं नाही. टिप द्यायची ती एकट्या कॅप्टनने, सगळ्यांच्या वतीने, गाडी थांबल्यावर, हातात. "खिडकीतनं टाकली ती टिप न्हाय, ते कुत्र्याचं बिस्कुट," असं हसूदादा म्हणतात. एका गोऱ्या कॅप्टनने टाकलेला रुपया त्यांनी खरोखरच तिथे धक्क्यावर पडू दिला होता. ते ऐकून मी मनातल्या मनात त्यांना लाल सलाम ठोकला.

विमानवाले रोज येत नाहीत. पण शिस्त रोज लागते. एकदा गिरगावातलं एक कुटुंब उतरलं. हसूदादांनी गाडीचं दार अडवून विचारलं, "तुमच्यात कॅप्टन कोन?"

कोटवाले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे?"

"म्हंजे शेवटचा शब्द कोनाचा चालतो?"

गृहस्थांनी नकळत बायकोकडे पाहिलं. तेवढं पुरे होतं. बाई पुढे बसल्या, आणि गृहस्थ शेवटच्या बाकावर लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन. उतरताना बाई म्हणाल्या, "फार चांगली गाडी आहे हो तुमची." वाटेत पाटी घेऊन चालणारी कोळीण दिसली तर हसूदादा तिलाही घेतात, पण वायरलेसवाल्याच्या जागेवर. "सात गावची खबर असते तिच्याकडं," ते म्हणतात.

आता माझी चूक सांगतो. हा माणूस टिप नाकारतो एवढंच मी पाहिलं आणि ठरवलं, की हा आपला. मी पत्रकं वाचून मोठा झालेला माणूस. एका रात्रीत मीही एक लिहिलं: 'बक्षीस ही भीक आहे. पगार हा हक्क आहे.' हॉटेलच्या मागच्या उंडीच्या झाडाखाली सभा बोलावली. आचारी, दोन वेटर, माळी आणि अध्यक्ष हसूराम म्हात्रे.

अध्यक्ष उभे राहिले. "भाऊनी बरं लिवलंय," ते म्हणाले. "पन माजं येगलं हाय. टिप घ्यावी. मानूस पिरमानं देतो तर का न घ्यावी? फकस्त परतीला घ्यावी."

आचारी म्हणाला, "दादा, परत कोन येतंय? गेला तो गेला."

"त्येच तर," हसूदादा म्हणाले आणि खाली बसले. आचारी भात लागेल म्हणून उठला, वेटर त्याच्यामागून गेले, आणि सभा संपली.

मालकांनी मात्र पत्रक फार आवडल्याचं सांगितलं. पहिली ओळ चौकटीत घालून जेवणघरात लावली. दुसरी ओळ चौकटीत मावली नाही म्हणाले. वेटर माझ्याशी महिनाभर बोलत नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं.

हसूदादांचं ते 'त्येच तर' मला कळलं पोस्टमनमुळे.

त्यांना एकच मुलगा आहे, वसंत. ओळखीच्या एका कॅप्टनच्या शब्दावर तो विमानावर स्टुअर्ड म्हणून लागला. सहा वर्षांपूर्वी रेवसहून लाँचवर चढताना त्याने बापाच्या हातात दहाची नोट द्यायला काढली. बापाने हात पाठीमागे बांधले. परतीला, म्हणाले. तेव्हापासून पोरगा आलेला नाही. परदेशच्या फेऱ्या असतात. त्याच्या कंपनीच्या मुंबईतल्या कचेरीतून दर महिन्याला मनिऑर्डर तेवढी येते, आणि दर महिन्याला परत जाते.

"हसूदादा, सही करा," पोस्टमन म्हणतो.

"हातात द्यायला सांग."

"अहो, हातातच देतोय."

"तुज्या हातानं न्हाय."

पोस्टमन माझ्याकडे वळतो. "सहा वर्षं नेतोय-आणतोय. एवढी सायकल मी माझ्या सासुरवाडीला मारली नाही."

गेल्या महिन्यातल्या मनिऑर्डरीवर प्रथमच वसंतच्या हातच्या दोन ओळी होत्या. पोस्टमनने वाचून दाखवल्या: 'बाबा, पैसे परत येतात. तुमचा राग गेला की कळवा, मग येईन.'

हसूदादा फडक्याने गाडीची काच पुसत होते. पुसायचे थांबले. "राग?" ते म्हणाले. "कसला राग?"

त्या दिवशी मी त्यांना स्पष्टच विचारलं. माझ्या डोक्यात एक लेखही तयार होता: कोणत्या तरी क्रूने जाताना टिप दिली असेल, विमान कोसळलं असेल, तेव्हापासून हे व्रत. "दादा, विमान पडलं होतं का?"

तेव्हा मी त्यांना दुसऱ्यांदा हसताना पाहिलं. "पडलं-बिडलं कायच न्हाय रे. सगली सुखरूप हायेत. आपापल्या घरी हायेत." मग म्हणाले, "भाऊ, टिप दिली की मानूस मोकला होतो. त्याच्या मनातनं आपन उतरतो. न्हाय घेतली की तो लाँचवरनं वलून बघतो. ह्या म्हाताऱ्याचं कायतरी माज्याकडं ऱ्हायलंय, असं वाटतं त्याला. तेवढं वाटलं तरी मानूस येतो."

"आणि नाही आला तर?"

"मुंबईच्या बारा वर्षांत लई जनं आली," ते म्हणाले. पुढच्या सहा वर्षांबद्दल बोलले नाहीत.

मालक काय घेतो आणि मजुराला काय मिळतं, हे मला पाठ होतं. एखादा मजूर हात आखडतो तो माणूस बांधून ठेवायला, हे मी वाचलेल्या एकाही पत्रकात छापलेलं नव्हतं.

मी वसंतला कंपनीच्या कचेरीच्या पत्त्यावर 'राग नाही, ये' अशी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. कचेरीने ती त्याच्यापर्यंत पोचवली की कुठल्या टेबलावर ठेवली, देव जाणे, आणि मी देव मानत नाही. तिसरं टाकायला हसूदादांनी मनाई केली. ये म्हणून लिहून बोलावलेला क्रू आपण पाहिला नाही, म्हणाले.

इकडे धक्क्यापर्यंत एस.टी. सुरू झाली आहे. गरिबांची सोय झाली, मी तिच्या बाजूने आहे. पण आता वॅगन कशाला पोसायची, असं म्हणून मालकांनी ती विकायला काढली आहे. होळीनंतर गाडी नाही, आणि हसूदादांना धक्क्यावर काम नाही. पाहुणे असोत-नसोत, ते सकाळच्या पहिल्या लाँचला गाडी घेऊन उभे असतात. परवा मी शेजारी बसलो होतो. लाँच लागली, माणसं उतरली, पांगली. हसूदादा समोर बघत म्हणाले, "स्टुअर्डची जागा मागं. शिस्त हाय."

त्यांनी आरसा जरा मागच्या बाकाकडे वळवला.

"पन गाडीत दुसरं कोनच नसंल तर?"

"मग तोच कॅप्टन," मी म्हणालो.

"न्हाय," ते म्हणाले. "मंग ती क्रूची गाडीच न्हाय. नुसता पोरगा आन् त्याचा बाप."

म्हणून तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही विमानाने जात नसाल, मीही जात नाही. पण तुमच्या ओळखीत कोणी डॉक्टर, कोणी व्यापारी, कोणाचा भाचा शिकायला विलायतेला जात असेल. त्याला सांगून ठेवा. चहा घेऊन येणारा स्टुअर्ड मराठी निघाला, तिशीचा, हसूदादा सांगतात तसा रुंद कपाळाचा, तर त्याचं गाव विचारायचं. रेवस म्हणाला, तर त्याला टिप द्यायची नाही. त्याच्या तोंडाकडे बघायचं आणि सांगायचं: बाबांना राग नाही, कधीच नव्हता. सकाळच्या पहिल्या लाँचने ये. गाडी होळीपर्यंतच आहे.