उत्तमरावांच्या तीन फेऱ्या

गेल्या ऑक्टोबरमधल्या एका सोमवारी सकाळी उत्तमराव खिल्लारे हिंगोलीच्या बसस्थानकावर स्कर्ट घालून आले. वर इस्तरीचा पांढरा शर्ट, पायांत काळे बूट, पोटऱ्या झाकणारे मोजे, आणि शर्ट व मोजे यांच्यामध्ये निळ्या-पांढऱ्या चौकटींचा, मागून चुण्या घातलेला घेर. कमरेवरून समोर कंडक्टरची चामडी पिशवी लोंबत होती. चौकशीच्या खिडकीशी जाऊन त्यांनी कळमनुरीची गाडी लागली का, असे विचारले.  खिडकीतला माणूस अर्धा बाहेर आला होता.

उत्तमराव माझे शेजारी. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण ते गाडीतून उतरले असे म्हणता येत नाही. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही गर्दी दिसली की ते म्हणतात, "आत सरका, मागं जागा हाय." एकदा मयतीतही म्हणाले आहेत. घरात खुर्च्या आहेत, पण ते बसतात दाराजवळच्या बाकावर. गल्ली त्यांना मामा म्हणते. पत्नी वारल्या. मुलगी सुजाता स्कॉटलंडमध्ये परिचारिका आहे.

सुजाताने तिथल्याच अँड्र्यू नावाच्या शिक्षकाशी लग्न ठरवले. लग्न डिसेंबरात, हिंगोलीत, बौद्ध पद्धतीने होणार होते. नवरदेव आपल्या आजोबांचा किल्ट घालणार होता. किल्ट म्हणजे तिकडचे पुरुष लग्नकार्यात घालतात तो लोकरीचा, चौकटींचा, गुडघ्यापर्यंतचा घेर. तिकडे त्याला कुणी हसत नाही. हिंगोलीत काय होईल ते सुजाताला माहीत होते.

"बाबा, लोक हसतील त्याला. आजोबांची आठवण म्हणून घालतोय तो. त्याच्यावर कुणी हसलेलं मला बघवणार नाही. त्यापेक्षा मी त्याला पँटच घालायला सांगते," ती म्हणाली. फोन स्पीकरवर होता आणि मी समोर होतो.

"नगं सांगू," उत्तमराव म्हणाले. "अजून येळ हाय. मी पाहतो."

ते काय पाहणार, हे त्यांनी फोन ठेवल्यावर मला सांगितले. त्यांच्या डेपोत पहिली बाई कंडक्टर आली तेव्हाचा हा अनुभव होता.

"पहिल्या फेरीला लोक हसले. दुसऱ्या फेरीला इचारू लागले, बाई, तुमी कोन्या गावच्या? तिसऱ्या फेरीला तिच्याशी सुट्ट्या पैशावरून भांडले. भांडले म्हंजे झालं. बाई रुळली."

लग्नाला माणसे जिथून यायची होती त्या प्रत्येक गावाला किल्ट घालून तीन फेऱ्या करायच्या, असे त्यांनी ठरवले. "काय हसायचं ते माझ्यावर हसून घ्या म्हनावं. जवायापोतर हसू उरलंच न्हाई पायजे."

किल्ट शिवला आमच्या चौकातल्या गफ्फारभाईंनी. चौकटींचे कापड त्यांच्याकडे एकच होते, मुलींच्या शाळेच्या गणवेशाचे.

"नाप किसका है, मामा? बच्ची कू लाये क्या?"

"नाप माझं घ्या."

गफ्फारभाईंनी टेप खाली ठेवली आणि चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर माप घेतले.

तिकडे किल्टसमोर चामड्याची पिशवी लावतात, हे फोटोत पाहून उत्तमराव खूश झाले होते. "म्हंजे तिकडं सगळेच कंडक्टर हायेत," असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि माळ्यावरून आपली जुनी पिशवी उतरवली.

पहिल्या फेरीत कळमनुरीच्या गाडीत एक म्हातारी उठून उभी राहिली.

"बसा भाऊ. आपरेशन झालं व्हय? माझ्या दिराचं बी झालं. महिनाभर लुंगीवरच व्हता."

"आपरेशन न्हाई, माय. लग्न हाय."

"ह्या वयात?" म्हातारी म्हणाली आणि पुन्हा खाली बसली.

कळमनुरीच्या बाजारात एका पोराने मोटारसायकलवरून आवाज दिला, "मामा, कोन्या शाळंत नाव घातलं?" उत्तमराव म्हणाले, "तुला काढून टाकलं, त्याच शाळंत." त्याच बाजारात त्यांना पाहून एक बैल बुजल्याचे सांगण्यात आले. त्याला दुजोरा मिळाला नाही.

औंढ्याला एका यात्रेकरूने त्यांना बहुरूपी समजून दहाची नोट पुढे केली. हात सवयीचा. उत्तमरावांनी नोट पिशवीत टाकली आणि विचारले, "कुठं उतरायचं?"

नरसीला नारळ विकणाऱ्या बाईने घेर बोटांत धरून पाहिला. "कापड बरं हाय. पर वारं आलं तर?"

"आत चड्डी हाय, मावशे. गुडघ्यापोतर."

"मंग वरून ह्याचा उपेग काय?"

 हिंगोलीला परत येईपर्यंत ते यावर विचार करत होते, असे त्यांनी स्वतःच सांगितले.

हसण्याची बातमी त्यांच्या थोरल्या बहिणीपर्यंत, कौसाबाईंपर्यंत पोचली. त्या खेड्यावरून आल्या तेव्हा मी उत्तमरावांकडे पेपर वाचत बसलो होतो. कौसाबाईंनी पाणीही घेतले नाही.

"लोकं हसून राहिले, उत्तम. अन् त्या पोराला एक दिस पँट घातल्यानं काय तकलीफ हाय रे?"

उत्तमराव एरवी अशा बोलण्याला कंडक्टरी उत्तर देतात. त्या दिवशी दिले नाही.

"अक्का, आपल्या आज्यानं नवा फेटा बांधला व्हता. गावात शिरताना त्याला काढाया लावला. आज्यानं तुलाच सांगितलं व्हतं का न्हाई?"

"सांगितलं व्हतं."

"मंग हे पोरगं त्याच्या आज्याचं कापड घालून आपल्या दारात येऊन राहिलं. त्याला काढ म्हनाया मला जमनार न्हाई."

कौसाबाईंनी दोरीवरचा किल्ट ओढून उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "मागची चुणी उसवली. सुई दे."

दुसऱ्या फेरीत लोक विचारू लागले. कापड कुठले, शिवणारा कोण, मुलगी तिकडे काय करते, जावई मटण खातो का. तिसऱ्या फेरीहून उत्तमराव परतले ते माझ्या दारातूनच ओरडत.

"भांडला! कळमनुरीच्या गाडीतला कंडक्टर सुट्ट्यावरून भांडला! घेराकडं पाहिलं बी न्हाई!"

हिंगोलीचे मात्र त्यांना खात्रीने सांगता येत नव्हते. शहरात रोज नवी माणसे उतरतात, त्या सगळ्यांपर्यंत आपली फेरी पोचली असेल असे नाही, हे त्यांनाही मान्य होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी उत्तमराव पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घालून निघाले. पिशवी गळ्यात होती. चौकातल्या चहावाल्याने भांडे खाली ठेवले.

"मामा, आज काहून पँटवर? तब्येत बराबर हाय ना?"

पाहुणे लॉजवर उतरले होते. तिथून मंगल कार्यालयापर्यंत बाजारातूनच चालत जावे लागते. नवरदेव पुढे होता. उंच, लालसर, अंगात पांढरा शर्ट, कमरेला गडद हिरव्या चौकटींचा जुना लोकरी किल्ट. शेजारी पांढऱ्या साडीत सुजाता. तिने त्याचा हात घट्ट धरला होता. उत्तमराव थोडे मागे चालत होते. ते नवरदेवाकडे पाहत नव्हते. दुकानांच्या पायऱ्यांवर उभ्या लोकांच्या तोंडांकडे पाहत होते.

चहावाला म्हणाला, "मामाचे पाव्हने," आणि दुधाकडे वळला. गफ्फारभाई दुकानाबाहेर आले, वाकून कापड पाहिले आणि म्हणाले, "असली ऊन है. सिलाई भी पक्की." भाजीवाल्या दोघींनी मान वर केली आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या.

चौकाच्या तोंडाशी एक परजिल्ह्याची रिक्षा अडकली. चालक अनोळखी होता. त्याने हॉर्न दाबला, डोके बाहेर काढले आणि थेट नवरदेवावर ओरडला.

"ओ पाव्हने! रस्ता काय तुमच्या बापाचा हाय व्हय? बाजूला व्हा की!"

अँड्र्यू बाजूला झाला. रिक्षा गेली. चालकाने मागे वळून पाहिले नाही.

उत्तमराव रस्त्यात थांबले. "भांडला," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांनी पिशवीतून रुमाल काढला, चष्मा उतरवला आणि पुसायला घेतला. चष्मा पुसून झाला तरी रुमाल डोळ्यांवरच होता. सुजाताने वळून हाक मारली, "बाबा, चला ना."

कार्यालयाच्या दारात गर्दी झाली होती. हिंगोली, कळमनुरी, औंढा, नरसी, सगळीकडची माणसे होती. नवरदेव आत गेला. कुणी हसले नाही. कौसाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी किल्टच्या मागच्या चुण्या नीट आहेत का ते तेवढे पाहून घेतले.

उत्तमराव दारात उभे राहिले.  त्यांनी गळ्यातली पिशवी सारखी केली.

"आत सरका," ते म्हणाले. "मागं जागा हाय."

लोक आत सरकले.