कॅनडातच तर आहे!

उत्कर्षाच्या आईने दिवाळीचा फराळ भिशीतल्या सीमाकाकूंच्या शंतनुबरोबर पाठवला आणि लेकीला फोन केला. "पोचला बघ तो कॅनडात. रविवारी जाऊन डबा घेऊन ये."

शंतनु नोकरीसाठी पोचला होता व्हँकुव्हरला. उत्कर्षा शिकत होती ग्वेल्फला. मध्ये पाच तासांचा विमानप्रवास. तेवढ्या वेळात मुंबईचा माणूस दुबईला पोचून, निम्म्या वाटेपर्यंत परतसुद्धा येईल.

"आई, लांब आहे गं."

"कॅनडातच तर आहे! मी नाही का इस्लामपूरहून कराडला जात? चार दिवस तळत होते. चकल्या, करंज्या, शेव, चिवडा. लाडू तेवढे नाहीत हां यंदा. वळायला हातच चालेनात."

त्या हातांचं ऐकून उत्कर्षाला 'नाही मिळणार' म्हणवेना. रविवारी तिनं 'मिळाला' असं ठोकून दिलं.

शंतनुनं फोनवर विचारलं, "कुरिअर करू का?"

"करंज्यांचा भुगा होईल हो. तुम्हीच खा. फक्त घरी सांगा, दिला म्हणून."

आईला मात्र नुसती पोच पुरेना. "चकली कशी झालीय? खरं सांग!"

"ग्रोसरी आणायला निघालेय, दहा मिनिटांत करते फोन," म्हणून उत्कर्षानं शंतनुला गाठलं. "पटकन एक चकली खा."

"अहो, मी मीटिंगमध्ये आहे."

"मग हळूच खा."

"चकली हळूच खाता येत नाही हो!"

कुडुम असा आवाज आला. पलीकडे इंग्रजी बोलणारे सगळे एकदम गप्प झाले. "खुसखुशीत," शंतनु कुजबुजला. "ओवा जरा जास्त."

"माझ्या मनात अगदी तेच आलं होतं!" आई खूश झाली आणि दुसऱ्या दिवशी करंजीवर आली. मग शेव. मग चिवड्यातलं खोबरं.

बेसमेंटमधल्या खोलीत उत्कर्षाशी दिवसचे दिवस कुणी बोलत नसे. फार एकटं वाटायचं. आता ती आईच्या प्रश्नांची वाट पाहू लागली. शंतनुची गतही तीच होती, पण तो कबूल करत नसे. "आज काकूंचा पेपर कशाचा?" एवढंच विचारी, आणि मग अर्धा तास बोलत राही.

एके दिवशी तो म्हणाला, "संपलं सगळं. डबा घासून, पुसून ठेवलाय."

"बरं," उत्कर्षा म्हणाली. मग दोघांनीही फोन ठेवला. आईचीही परीक्षा संपली होती. दोन दिवस फोन वाजला नाही.

तिसऱ्या दिवशी ती घरमालकाच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं उपसून पायरीवर टेकली होती. फोन वाजला.

"अहो, एक गंमत झाली," शंतनु घाईघाईनं म्हणाला. "डब्याच्या तळाशी एक बेसनाचा लाडू सापडला."

उत्कर्षानं ओले हातमोजे काढले आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"कसा झालाय?" तिनं विचारलं. "सावकाश खाऊन सांगा."