काळ्या मातीवरचं मडकं

“सूनबाई, मातीवर पाण्याचं मडकं ठिवू नगंस. बाया हात जोडतील.”

छबुबाईंनी सुनेला एवढंच सांगितलं होतं. मनकर्णा हसली. निजामाच्या सरहद्दीपलीकडे, पुण्याच्या कॉलेजात शिकलेली ती. युसूफ वडगावात मुलींना शाळा नाही म्हणून ओसरीवर पाच पोरींना शिकवीत होती. दगड झिजून माती कशी होते, कोणती माती पाणी धरते, बी कसं रुजतं, हे दाखवायला तिनं तीन टोपल्या मांडल्या: काळी माती, मुरूम, नदीची वाळू. तिन्हींत गहू पेरले. काळ्या मातीत मधोमध पाण्यानं भरलेलं कोरं मडकं ठेवलं. मडकं पाझरतं, ओल टिकते. धडा चार दिवसांचा होता. पाचव्या दिवशी भाऊ तिला आष्टीला न्यायला गाडी घेऊन येणार होता.

आष्टीला आई होती, दमेकरी. तिच्या दम्यापायी मनकर्णेचं बाळंतपण सासरीच झालं, आणि नात आठ महिन्यांची झाली तरी आजीनं पाहिली नव्हती. बाळाची झबली आठवड्यापूर्वीच बोचक्यात बांधून झाली होती. मनकर्णा रोज गाठ सोडून पुन्हा बांधायची.

त्याच दुपारी शेजारच्या भिवराबाई विरजण मागायला आल्या. टोपली दिसताच डोईवर पदर घेऊन त्यांनी हात जोडले.

“चैतात घट? कसला नवस गं?”

“नवस नाही, काकू. पोरींना बी उगवताना दाखवायचंय.”

“तसंच म्हनावं बाई. नवस बोलून दावू नये.”

संध्याकाळपर्यंत मडक्यावर हळदीकुंकू, पानं आणि नारळ आला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी समई लावून गेलं. मुरूम आणि वाळूलाही एकेक फूल मिळालं. उगाच कुणाची नाराजी नको.

तिसऱ्या दिवशी मनकर्णेनं बायांना बसवून समजावलं. ओल, ऊब, हवा. बी फुगतं, आधी मूळ फुटतं, मग कोंब. वच्छलाबाईंनी जांभई दिली.

“पोरी, जलमभर पेरतोय आमी. कसं उगवतं ते ठावं हाय. दिवा इझू द्यायचा न्हाई अन् घरची बाई नऊ दिस गाव सोडत न्हाई, ते तुला ठावं हाय का?”

पाचव्या दिवशी राधाकिशन आला.

“ताई, चार मुक्काम करून आलोय. बैल मामाचे हायत, अमावस्येआत माघारी द्यायचेत. चल जल्दी!”

मनकर्णा मडकं उचलायला वाकली. छबुबाईंनी हात धरला.

“पुढं पेरण्या हायत. कुणाचं एक वावर जरी वाळलं, तरी गाव तुझ्याच नावानं बोटं मोडंल.”

“आत्याबाई, तो घट नाही हो!”

“मला ठावं हाय. गावाला कुठं ठावं हाय?”

मनकर्णेनं आशेनं भावाकडे पाहिलं. राधाकिशन टोपलीपुढे लोटांगण घालत होता.

सकाळी गाडी रिकामी निघाली. तिनं भावाच्या हाती मूठभर गहू दिले, काळी माती दिली.

“आईला म्हणावं, अर्धे उन्हात ठेव, अर्धे अंधारात. अंधारातले पिवळे अन् उंच होतात. रोज बघ. अन् हे झबलं दे.”

“मोकळं झबलं कावून?”

“मापावरून कळंल तिला, नात केवढी झाली ते.”

दहाव्या दिवशी गहू वीतभर झाले. बायांनी कोंब अंबाड्यात खोवले, आणि अकराव्या दिवशी बावीस जणी आपापल्या वावराची माती पदरात घेऊन ओसरीवर हजर! “आमची कशी हाय ते सांग.” मामाचे बैल आता नांगराला, मग पेरणीला; दुसरी गाडी येणार ती दसऱ्यानंतरच.

आष्टीहून अजून निरोप नाही. तुमच्यापैकी कुणी तिकडे निघालं, तर बाजारामागं मनकर्णेच्या आईचं, रुक्मिणीबाईंचं घर विचारा. गहू उगवले का, एवढंच विचारायला आलो म्हणा. आणि उत्तर देताना त्यांना मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो का, तेवढं बघून या.