डिट्टो मोरपंखी

"हे तुझ्या मावशीनं पाहिलं ना, तर ती माझं तोंड पुन्हा बघायची नाही," आई म्हणाली. नुकताच छापलेला फोटो तिने मेलेलं झुरळ धरावं तसा चिमटीत, हात लांब करून धरला होता.

फोटोत आई आणि मावशी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. आईच्या अंगात मावशीने स्वतः विणलेला मोरपंखी स्वेटर होता. म्हणजे फोटो काढला तेव्हा तरी तो मोरपंखी होता. कागदावर उतरेपर्यंत त्याचं पार वांगं झालं होतं, आणि दोघी बहिणींच्या चेहऱ्यांवर हिरवट झाक आली होती.

दुसऱ्या एखाद्या घरात हे हसण्यावारी गेलं असतं. पण या दोघींचं भांडण रंगावरूनच झालं होतं. मावशीने पूर्वी विणलेल्या एका स्वेटरबद्दल आई सहज बोलून गेली होती, "रंग जरा मळकट वाटतो गं." त्यानंतर कित्येक वर्षं मावशी या घराची पायरी चढली नाही. समजूत घालणारे नातेवाईक दमून गेले. शेवटी यंदा समेट झाला, मावशी नवा स्वेटर घेऊन आली आणि तो घालूनच हा फोटो काढला गेला. त्याची फ्रेम न्यायला ती रविवारी येणार होती. फोनवर तिने बजावलंही होतं, "आणि ताई, तोच स्वेटर घालून बस हं. मला डोळे भरून बघायचाय."

घरातल्या कर्त्या मुलाला सगळे शास्त्रज्ञ म्हणत. तो विमा कचेरीत कारकून होता, पण मिक्सर बंद पडला तरी दुरुस्त करण्याआधी त्यामागचं तत्त्व समजावून सांगायचा. प्रिंटरची शाई संपली तेव्हा कंपनीचं महागडं कार्ट्रिज न घेता त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून बिननावाचं आणलं होतं. "डिट्टो कंपनीसारखंच, साहेब. फरक दाखवून द्या," असं दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता.

"घाबरू नकोस आई, रंग कॉम्प्युटरवर दुरुस्त करता येतो," शास्त्रज्ञ म्हणाला. "हिरवा थोडा कमी केला की झालं."

हिरवा कमी केला. दोघी बहिणी इतक्या लालबुंद झाल्या की आत्ताच कडाडून भांडून बसल्यात असं वाटावं. लाल कमी केला, तर दोघींना गाडी लागल्यासारखी कळा आली. चेहरे जरा माणसात आणावेत तर स्वेटर हाताबाहेर जाई, आणि स्वेटर ताळ्यावर आणला की चेहरे बघवत नसत. मग खरा रंग डोळ्यांसमोर असावा म्हणून त्याने कपाटातून स्वेटरच मागवून घेतला आणि प्रिंटरशेजारी पसरून ठेवला.

संध्याकाळपर्यंत पलंगावर, खुर्च्यांवर, जेवणाच्या टेबलावर नाना रंगांच्या आया आणि मावश्या वाळत पडल्या होत्या.

"जेवायला कुठे बसायचं?" सूनबाईने विचारलं. "मावशींच्या मांडीवर?"

"जमलं!" शास्त्रज्ञ ओरडला. "हा बघ, स्वेटरशी तंतोतंत जुळतोय!"

सूनबाई स्वेटर आणि कागद दोन्ही घेऊन खिडकीशी गेली आणि तशीच परत आली. "तिथे हा जांभळा दिसतोय."

"तिथे उजेड वेगळा आहे. याला फक्त ट्यूबच्या उजेडात बघायचं. रविवारी पडदे लावून घेऊ आणि मावशीला बरोबर ट्यूबखाली बसवू."

"आणि घरी नेल्यावर त्यांनी काय करायचं? ट्यूब पण भेट देणार आहात का?"

शास्त्रज्ञाने तिच्याकडे केविलवाणं पाहिलं आणि पुन्हा छापायचा हुकूम सोडला. या वेळी मात्र प्रिंटरनेच हात टेकले. 'अनोळखी कार्ट्रिज', असं लिहून आणि तांबडा दिवा लावून तो गप्प बसला. दिवसभर त्याच कार्ट्रिजवर बिनबोभाट छापल्यानंतर त्याला ते अनोळखी वाटावं, याचा शास्त्रज्ञाला भयंकर संताप आला. त्याने कार्ट्रिज उपसून काढलं, तोंडाशी नेऊन फुंकर मारली आणि रागारागाने दोनदा झटकलं.

निळ्या-जांभळ्या शाईची पिचकारी थेट स्वेटरच्या छातीवर उडाली.

मग आई खुर्चीत बसली, तीही एका ओल्या मावशीवर. "मळकट म्हटलं तर इतकी वर्षं गेली," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "आता मी म्हातारी झाले रे. पुन्हा तेवढी वर्षं कुठून आणू?"

शास्त्रज्ञाचा चेहरा उतरला. त्याने निमूट बादली भरली आणि स्वेटर चोळायला घेतला. डाग गेला नाही, उलट ऐसपैस पसरला. शेवटी सूनबाईनेच पदर खोचल्याच्या आवेशात पुढे येऊन त्याला बाजूला सारलं. "डाग दिसतो कारण बाकीचा स्वेटर स्वच्छ आहे," ती म्हणाली. "आणा ती उरलेली शाई." सगळं कार्ट्रिज बादलीत रिकामं झालं. स्वेटर बुडाला, निघाला, पिळला गेला, वाळला. डाग कुठे शोधूनही सापडेना, कारण सगळा स्वेटरच आता वांग्याच्या रंगाचा झाला होता.

आईने तो उलटसुलट करून पाहिला. मग उठली, केराच्या टोपलीत हात घातला आणि तो पहिलावहिला फोटो काढून सरळ केला. स्वेटरशेजारी धरला, ट्यूबखाली धरला, खिडकीत धरला. तिन्हीकडे डिट्टो!

"हाच फ्रेम कर," आई म्हणाली. "चेहरे हिरवट आहेत ते असू देत. वय झालंय आमचं."

रविवारी मावशी आली. दारातच तिची नजर आईच्या अंगातल्या स्वेटरवर गेली आणि तिचं हसू मावळलं. शास्त्रज्ञाने घाईघाईने फ्रेम पुढे केली. मावशीने फोटोतला स्वेटर पाहिला, आईच्या अंगातला पाहिला, चष्मा पुसून दोन्ही पुन्हा पाहिले आणि मटकन सोफ्यावर बसली.

"म्हणजे पहिल्याच दिवशी रंग असा दिसत होता?" ती पुटपुटली. "मला कसं कळलं नाही? चष्मा बदलायलाच झालाय माझा."

आईने तोंड उघडलं, पण मावशीने तिचा हात घट्ट धरला. "काही बोलू नकोस ताई. चूक माझीच आहे. कंपनीची लोकर महाग पडत होती म्हणून मी बिननावाची घेतली. तो मेला म्हणाला, डिट्टो कंपनीसारखीच बाई, फरक दाखवून द्या. आणि तू... एवढा रंग बिघडलेला दिसत असून एका शब्दानं बोलली नाहीस गं!" मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

शास्त्रज्ञ पुढे सरसावला. "मावशी, खरं म्हणजे..."

आईने त्याच्या पायावर भक्कम पाय दिला. "रंगाचं काय घेऊन बसलीस?" ती बहिणीला म्हणाली. "मला ऊब आवडली." तिचेही डोळे भरून आले होते, आणि ते मात्र अगदी खरं होतं.

जाताना मावशीने फ्रेम छातीशी धरली. "आणखी दोन प्रती दे रे, माझ्या मुलींना पाठवते. पण रंग अस्साच हवा हं. उजळ-बिजळ करत बसू नकोस. त्यांच्या मावशीचं मन केवढं आहे ते कळू दे त्यांना."

सोमवारी शास्त्रज्ञ कोपऱ्यावरच्या दुकानात उभा होता.

"ते कार्ट्रिज बंद केलं, साहेब," दुकानदार म्हणाला. "तक्रारी फार यायच्या. हे नवीन आलंय बघा. डिट्टो त्याच्यासारखंच. फरक दाखवून द्या."

शास्त्रज्ञाने खिशातून वांग्याच्या रंगाचा लोकरीचा धागा काढला आणि नमुन्यादाखल काउंटरवर ठेवला.