हवा वाढत जाणारा फोर्क

बावीस वर्षांच्या नोकरीत मला वजनात फसवणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. मी वजनमापे निरीक्षक आहे. काटा खरं बोलतोय की खोटं, हे मला दुकानदाराच्या चेहऱ्यावरूनच कळतं. तेव्हा लेकीच्या सायकलला नवा फोर्क निवडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी घरी जाहीर केलं होतं.

लेक सतरा वर्षांची. उतारावरच्या सायकल शर्यतींत भाग घेते. म्हणजे टेकडीच्या माथ्यावरून, दगडधोंडे आणि झाडांची मुळं तुडवत, जीव मुठीत धरून सुसाट खाली यायचं. जीव ती मुठीत धरत नाही, आम्ही धरतो. पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं तो फोर्क. दणका बसला की तो दबतो आणि परत वर येतो. तिचा फोर्क मात्र गेले काही महिने थेट तळाला आपटत होता. मागच्या शर्यतीत त्यापायीच ती हँडलवरून उडाली आणि कोपर सोलवटून घरी आली. आता येत्या रविवारी तिच्या वयोगटातली शेवटची शर्यत होती. पहिल्या पाचांत आली तर संघात जागा, नाहीतर विषय संपला.

बुधवारी मी, बायको आणि लेक असे आम्ही तिघं सायकलच्या दुकानात गेलो.

"हवेचा घेणार की स्प्रिंगचा?" मेकॅनिकने विचारलं.

"स्प्रिंगचा!" लेक म्हणाली. "लांब उतारावर तो शेवटपर्यंत सारखा चालतो."

"चालतो. पण स्प्रिंग वजन बघून निवडतात. ती एकदा बसवली की रविवारच्या आत बदलता येणार नाही. वजन किती?"

"चव्वेचाळीस."

मेकॅनिकने तिला नखशिखांत न्याहाळलं. "वाटत नाही."

"अहो, घरचा काटा यांनी स्वतः तपासलाय," ही म्हणाली आणि माझ्याकडे अभिमानाने पाहिलं.

मी भिंतीवर टांगलेली चाकं मोजू लागलो.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मला चौदा किलो कमी करायला सांगितले. हिने तळण बंद केलं. तळण सुटेना आणि वजन घटेना. शेवटी एका दुपारी घरात कुणी नसताना मी काटा उघडला आणि आतली स्प्रिंग जराशी सुधारली. मग दर आठवड्याला आणखी जराशी. घाई करणारा पकडला जातो, हा माझा अनुभव. रिकामा काटा शून्यच दाखवायचा, भार पडला की पंधरा टक्के कमी. याच युक्तीपायी मी अकरा रद्दीवाल्या दुकानदारांवर खटले भरलेत. अर्थात त्यांचं काम गबाळं होतं.

मी शहाण्णवचा ब्याऐंशी झालो. पण काटा माणूस ओळखत नाही हो! ही एकाहत्तरची साठ झाली. तिने मोठ्या मापाचे कपडे वाटून टाकले, तिच्या ताईला फोन करून अकरा किलोंची बातमी दिली आणि नवे कपडे घट्ट झाले तेव्हा शिंप्याला फैलावर घेतलं. लेक बावन्नची चव्वेचाळीस झाली, म्हणून तिचं दूध दुप्पट झालं. बाकी घरात इतका आनंद मी लग्नानंतर पाहिला नव्हता. कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुना फोर्क हवेचाच होता, आणि त्यातली हवा लेक याच काट्यावर वजन करून भरत होती; वजन कमी, म्हणून हवाही कमी. म्हणजे फोर्क धडधाकट होता. तिचं कोपर मी सोलवटलं होतं.

"हवेचाच द्या!" मी ओरडलो.

"का?" तिघांनी एकदम विचारलं.

"स्प्रिंगवर माझा विश्वास नाही. बावीस वर्षांत स्प्रिंगांनी काय काय केलंय ते मी पाहिलंय."

यातला शब्द न् शब्द खरा होता. निरीक्षकच म्हणतात म्हटल्यावर लेक गप्प बसली. मेकॅनिकने हवेचा फोर्क बसवला, चव्वेचाळीस किलोंच्या हिशेबाने हवा भरली आणि दाबाचा आकडा चिठ्ठीवर लिहून दांडीला चिकटवला.

माझा बेत सोपा होता. संध्याकाळी लेक क्लासला गेली की गुपचूप छोट्या पंपाने हवा वाढवायची, बस्स! गुरुवारी वाढवली. शुक्रवारी सकाळी लेकीने दाब मोजला, चिठ्ठी पाहिली आणि जास्तीची हवा सोडून दिली. शुक्रवारी मी पुन्हा वाढवली. शनिवारी तिने पुन्हा मोजली आणि तिचा चेहरा उतरला.

शनिवारी दुपारी आम्ही पुन्हा दुकानात.

"याची हवा वाढतेय," लेक म्हणाली.

"गळतेय," मेकॅनिकने तिची चूक सुधारली.

"वाढतेय! आपोआप!"

मेकॅनिकने मोजलं. पुन्हा मोजलं. "एकोणीस वर्षं हे काम करतोय. हवा गेलेली हजारदा पाहिली. आलेली आज पाहिली." त्याने पाना उचलला. "हा कंपनीत परत पाठवतो. असला फोर्क उतारावर फुटला तर? उद्या जुनाच लावून जा."

"तो तळाला आपटतो, काका," लेक म्हणाली. तिचा हात नकळत कोपराकडे गेला. डोळे भरले होते.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. स्प्रिंग, पंधरा टक्के, पंप, सगळं.

मेकॅनिकने कोपऱ्यातल्या पार्सलच्या काट्याकडे बोट दाखवलं. त्यावर माझ्याच सहीचा शिक्का होता. लेक उभी राहिली. त्रेपन्न. दूध अंगी लागलं होतं.

"तुम्ही?" मेकॅनिकने हिला विचारलं.

"मला सायकल चालवायची नाही," ही म्हणाली.

"म्हणजे जुना फोर्क चांगला आहे?" लेकीने विचारलं.

"उत्तम आहे."

"मग तोच लावा. माझ्या हाताला त्याची सवय आहे." मग माझ्याकडे वळून, "बाबा, पंप इकडे द्या."

रविवारी ती चौथी आली! फोर्क एकदाही तळाला आपटला नाही. मी भर मैदानात रडलो, ते सोडा. तिने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "बारावा खटला स्वतःवर भरा."

ही मात्र तीन दिवस माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. चौथ्या दिवशी मी प्रायश्चित्त म्हणून स्क्रू-ड्रायव्हर घेतला, काटा उलटा केला आणि पहिला स्क्रू फिरवणार, तोच ही दारात.

"खबरदार हात लावाल तर!"

"अगं, दुरुस्त करतोय."

"पुढच्या आठवड्यात ताई राहायला येतेय. ती गेल्यावर बघू."

ताई येऊन गेली, त्याला आता चार महिने झाले. जाताना तिने त्या काट्याची कंपनी विचारून घेतली. काटा अजून तसाच आहे. दुरुस्तीचा विषय मी काढत नाही, हीही काढत नाही. आज सकाळीच उभा राहिलो होतो. ऐंशी!